लेफ्टनंट कर्नलचं चौपन्नावं वर्ष

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचे पगार तपासण्यात गेली. सातारा जिल्ह्यात लेखा विभागात लागले, लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. मधल्या वर्षांत किती सेवापुस्तकं हाताखालून गेली याची मोजदाद नाही. वेतननिश्चितीत एक वेतनवाढ इकडची तिकडे झाली तरी मला ती भातातल्या खड्यासारखी लागते. घरचे म्हणतात, हिला कोथिंबिरीच्या जुडीवरही आक्षेप काढायची सवय आहे.

गेल्या दिवाळीत माझा भाचा सुट्टीवर आला होता. पानावर बसल्यावर चकली मोडता मोडता सहज सांगावं तसं म्हणाला, "आत्या, फायनल रिव्ह्यूमध्येही झालं नाही." वहिनीला अर्थ कळला नाही. दादाला कळला, पण तो काही बोलला नाही. आणि मी, खरं सांगते, मनात आकडेमोड सुरू केली.

भाचा लेफ्टनंट कर्नल आहे. दादा सुभेदार म्हणून निवृत्त झाला. आजोबा नुसते शिपाई. साताऱ्याच्या या पट्ट्यात अशी घरं मोप आहेत. अपशिंगे या एकाच गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले; गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं ते उगाच नाही. पण या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या दिले ते जवान. अधिकारी क्वचित. जून १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक स्कूल साताऱ्यात निघाली, तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि खेड्यातल्या पोरांनी नुसती बंदूक न उचलता पलटणही चालवावी, हा त्यामागचा विचार होता. पुढे हवाई दलाचे प्रमुख झालेले प्रदीप नाईक याच शाळेचे. भाचाही तिथलाच. सुभेदाराच्या पोराच्या खांद्यावर तारे लागले तो दिवस आमच्या घरात लग्नापेक्षा मोठा होता.

आता नियम काय आहे ते सांगते, कारण गावात याबद्दल बरीच गफलत आहे. लष्करात कमिशन मिळालं की लेफ्टनंट. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. इथपर्यंत पायऱ्या ठरलेल्या मुदतीने चढता येतात. परीक्षा द्याव्या लागतात, शेरे चांगले लागतात, पण जागा रिकामी आहे का, हा प्रश्न येत नाही. तो येतो कर्नलपदापाशी. तिथे निवड मंडळ बसतं. त्याला तीन नंबरचं बोर्ड म्हणतात. प्रत्येकाला तीन संधी: पहिली, मग रिव्ह्यू, मग फायनल रिव्ह्यू. तिसऱ्यांदाही नाव आलं नाही की निवडीची दारं बंद. मग सव्वीस वर्षं भरल्यावर 'टाइम स्केल कर्नल' म्हणून एक पट्टी मिळते. पलटण मात्र मिळत नाही. कर्नलच्या वर ब्रिगेडिअर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल. तिथे निवड आणखी कडक.

यात चूक काहीच नाही. निमुळता मनोरा असल्याशिवाय फौज चालत नाही. प्रश्न असा की जो मनोऱ्याच्या अर्ध्यावर थांबला त्याच्या पगाराचं आणि नोकरीचं काय करायचं? त्यातल्या बहुतेकांना कुणी नालायक ठरवलेलं नसतं. जागा संपलेल्या असतात.

बाकी सरकारने या प्रश्नाचं उत्तर केव्हाच शोधलं आहे. आमच्या राज्यात १९९५ मध्ये कालबद्ध पदोन्नती आली, २००१ मध्ये तिची आश्वासित प्रगती योजना झाली, आणि सातव्या वेतन आयोगानंतर दहा, वीस, तीस वर्षांवर तीन लाभ मिळू लागले. पद तेच, टेबल तेच, पगार वरच्या पदाचा. माझे यजमान माध्यमिक शिक्षक. मुख्याध्यापक काही झाले नाहीत, पण बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी घेऊन सुखाने निवृत्त झाले. दादाच्या बाजूलाही तेच. जवानाला आठ, सोळा आणि चोवीस वर्षांवर वरच्या हुद्द्याचा पगार मिळतो, हुद्दा मिळो न मिळो. आणि केंद्राच्या संघटित 'गट अ' सेवांना, म्हणजे लेखा, महसूल, रेल्वे, अभियंते यांना, सहाव्या वेतन आयोगाने जे दिलं त्याला एनएफयू, म्हणजे नॉन-फंक्शनल अपग्रेडेशन, म्हणतात. आयएएसची एखादी तुकडी दिल्लीत एका पायरीवर पोचली की तिच्याहून दोन वर्षं जुने असलेले, बढती न मिळालेले बाकी सेवांचे अधिकारी त्या पायरीचा पगार घेतात. थेट अतिरिक्त सचिवाच्या पगारापर्यंत. १ जानेवारी २००६ पासून हे लागू आहे.

सैन्याधिकाऱ्यांना ते नाही. निमलष्करी दलांच्या अधिकाऱ्यांनाही नव्हतं. त्यांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये मिळवून दिलं. सैन्याच्या बाजूने सशस्त्र दल न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये निकाल दिला, त्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सातव्या वेतन आयोगात तर याच मुद्द्यावर फूट पडली होती. अध्यक्ष न्या. माथुर यांचं म्हणणं, एनएफयू ठेवा आणि सैन्यालाही द्या. विवेक राय आणि रथीन रॉय या दोन सदस्यांचं म्हणणं, ते सगळ्यांचंच काढून घ्या.

मी लेखा खात्यातली बाई. माझा कल सुरुवातीला राय-रॉय यांच्याकडे होता. काम न वाढता पगार वाढवायचा, आणि तोही दुसऱ्या सेवेच्या सावलीत, हे मला हिशेबाच्या शिस्तीत बसत नव्हतं. पण दिवाळीनंतर भाच्याने मला त्यांच्या माजी अधिकाऱ्यांची पत्रकं पाठवली. सगळ्यांत एकच ओरड: एनएफयू नसल्याने फौजी अधिकारी पगारात मागे पडला. म्हटलं बघू तरी किती. मी वही काढली.

लेफ्टनंट कर्नलची सातव्या वेतन आयोगातली पायरी '१२अ', सुरुवात १,२१,२०० रुपये. तेराव्या वर्षी तो तिथे येतो. दरसाल तीन टक्के धरले तर विसाव्या वर्षी मूळ वेतन १,४९,०००च्या आसपास. त्यावर लष्करी सेवा वेतन, म्हणजे एमएसपी, १५,५००. झाले सुमारे १,६४,५००. नागरी 'गट अ' अधिकारी चौदाव्या वर्षी १३व्या पायरीवर येतो असं धरलं, सुरुवात १,२३,१००. विसाव्या वर्षी एनएफयूने त्याला १४वी पायरी दिली, तर बढतीची जादा वेतनवाढ धरून तो दीड लाखाच्या किंचित पुढे. म्हणजे भाचाच पुढे! मला वाटलं कुठेतरी हातचा चुकला. पुन्हा केलं. तिसाव्या वर्षी नागरी अधिकाऱ्याला १५वी पायरीही देऊन टाकली. तो दोन लाख दहा हजारांच्या घरात. टाइम स्केल कर्नल झालेला फौजी एमएसपी धरून दोन लाख वीस हजारांच्या पुढे. या पायऱ्यांची वरची टोकंही एकमेकींना चिकटलेली आहेत: '१२अ'चं टोक २,१२,४००, कर्नलच्या १३व्या पायरीचं २,१५,९००, १४व्याचं २,१८,२००, १५व्याचं २,२४,१००. एवढा गदारोळ ज्यावरून, तो फरक शेवटी महिन्याला काही हजारांचा.

कुणी म्हणेल, एमएसपी हा जिवाच्या जोखमीचा मोबदला आहे, तो तुलनेत कशाला धरता? बरोबर आहे. तो बाजूला काढला तर नागरी अधिकारी थोडा पुढे जातो. पण थोडाच.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. त्याला राग आला. "आत्या, तूही त्यांच्यातलीच," म्हणाला. मला वाईट वाटलं, पण राग समजला. लेखा खात्यावर फौजी अधिकाऱ्यांचा विश्वास नाही याला कारण आहे, आणि ते कारण आमच्याच धंद्यातलं आहे. चौथ्या वेतन आयोगाने १९८६ पासून कॅप्टन ते ब्रिगेडिअर यांना 'रँक पे' दिला: कॅप्टनला २००, मेजरला ६००, असं करत ब्रिगेडिअरला १,२००. नव्या श्रेणीत वेतननिश्चिती करताना मात्र तेवढीच रक्कम मूळ वेतनातून वजा केली गेली आणि मग रँक पे म्हणून वेगळी दाखवली. उजव्या हाताने दिलं, डाव्याने काढून घेतलं. माझ्या हाताखालच्या एखाद्या कारकुनाने असं प्रकरण आणलं असतं तर मी ते तसंच परत पाठवलं असतं. मेजर धनपालन नावाचे अधिकारी केरळ उच्च न्यायालयात गेले आणि १९९८ मध्ये जिंकले. सगळ्या अधिकाऱ्यांना तो न्याय लागू करायला सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल लागला, आणि सरकारचा फेरविचाराचा आग्रह संपायला सप्टेंबर २०१२ उजाडलं. सव्वीस वर्षं. व्याज दिलं तेही १ जानेवारी २००६ पासूनचंच. त्या काळातले कितीतरी मेजर तोवर वारले असतील. ज्यांच्या पगारातून कागदावरच्या एका ओळीने पैसे गेले, त्यांना पुढच्या प्रत्येक तक्त्यात चोर दिसणार.

तरीही आकडे आकडेच असतात. पगाराच्या रकान्यात जे सापडलं नाही ते मला वयाच्या रकान्यात सापडलं.

लेफ्टनंट कर्नल आणि कर्नल चौपन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. ब्रिगेडिअर छप्पनाव्या, मेजर जनरल अठ्ठावन्नाव्या, लेफ्टनंट जनरल साठाव्या. केंद्राचा नागरी अधिकारी, मग त्याला बढती मिळो न मिळो, साठाव्या. म्हणजे लष्करात हुद्द्याबरोबर नोकरीची वर्षंही वाटली जातात. ज्याला बोर्डाने नाकारलं त्याच्याकडून बढती तर गेलीच, वर लेफ्टनंट जनरलला मिळणारी सहा वर्षंही गेली. बहात्तर महिने. भाच्याचं धरते: बाविसाव्या वर्षी कमिशन, चौपन्नाव्या वर्षी एमएसपीसकट सव्वादोन लाखांच्या पुढे पगार, निवृत्तिवेतन त्याच्या निम्मं. उरलेलं निम्मं गुणिले बहात्तर. महागाई भत्ता न धरता ऐंशी लाखांच्या पुढे रक्कम जाते. पत्रकांमधल्या एनएफयूच्या कुठल्याही हिशेबाला एवढा आकडा गाठता येत नाही. आणि ही वर्षं नेमकी कुठली? थोरली मुलगी एम.डी.च्या तयारीला बसलेली, धाकटा बारावीत, घराचं कर्ज अर्धं फिटलेलं, आईबापांची औषधं वाढलेली. साताऱ्यात चौपन्न वर्षांच्या लेफ्टनंट कर्नलला मिळणारी कामं मी पाहिली आहेत. कारखान्याची सुरक्षा, शाळेचं प्रशासन, नाहीतर जमिनीचा दलाल बनलेल्या जुन्या मित्राबरोबर भागीदारी.

यावर ठरलेला प्रतिवाद म्हणजे फौज तरुण हवी. अगदी मान्य. कारगिलनंतर तोच धडा मिळाला की पलटणीचे कमांडिंग ऑफिसर वयाने फार मोठे आहेत. अजय विक्रम सिंह समितीने त्यांचं वय सदतिशीच्या आसपास आणायला सांगितलं. पण चौपन्न वर्षांचा, बोर्डात न निवडला गेलेला लेफ्टनंट कर्नल पलटणीत असतोच कुठे? तो भरती कार्यालयात असतो, एनसीसीत, रेकॉर्ड ऑफिसात, डेपोत, मुख्यालयाच्या फायलींत. तिथे पंचावन्नाव्या वर्षी गुडघे दुखले म्हणून सीमा उघडी पडत नाही. निवृत्तीनंतर काही अधिकाऱ्यांना पुनर्नियुक्ती देऊन लष्कर अशाच कामांवर ठेवतं. म्हणजे त्या वयाचा माणूस त्या कामाला चालतो हे लष्करालाच मान्य आहे. फक्त आधी घरी पाठवायचं आणि मग त्यातल्या काहींना परत बोलवायचं, ही मधली पायरी कशासाठी, हे मला आक्षेपाच्या भाषेत विचारावंसं वाटतं.

बरं, हे कुणाला सुचलं नाही असंही नाही. २०२० च्या अखेरीस, जनरल बिपिन रावत संरक्षण दलांचे प्रमुख असताना, कर्नलचं निवृत्तीचं वय ५७, ब्रिगेडिअरचं ५८ आणि मेजर जनरलचं ५९ करावं असा प्रस्ताव निघाला होता. चांगला होता. पण त्याच कागदात दुसरी गोष्ट घातली: पूर्ण निवृत्तिवेतन पस्तीस वर्षं भरल्यावरच, वीस ते पंचवीस वर्षांत जो सोडेल त्याला हक्काच्या निम्मंच. साहजिकच बोंब झाली. बोर्डात अडकलेल्या माणसाला बाहेर पडायचाही रस्ता महाग करायचा, म्हणजे घरही नको आणि दारही नको अशी गत. विरोध झाला तो निवृत्तिवेतन कापण्याला, पण त्याच्याबरोबर वयाची सुधारणाही बुडाली. दोन वेगळ्या गोष्टी एका फायलीत बांधल्या की असंच होतं. आमच्याकडे याला 'मिश्र प्रस्ताव' म्हणून परत पाठवायचे.

हुद्द्यांची गोष्ट मला याच्याहून खुपते. १९६५ च्या लढाईत पूना हॉर्सचे प्रमुख अर्देशीर तारापोर परमवीर झाले तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते. १९७१ मध्येही पलटणी लेफ्टनंट कर्नलच चालवत. आज तेच काम कर्नल करतो, आणि लेफ्टनंट कर्नलपद, जे पूर्वी निवडीने मिळायचं, ते २००४ च्या डिसेंबरपासून तेरा वर्षांच्या मुदतीवर मिळतं. अजय विक्रम सिंह समितीच्या पहिल्या टप्प्याने हे केलं. पुढच्या टप्प्यात कर्नल आणि त्यावरच्या शेकडो जागा वाढवल्या. त्याच समितीने दुसरंही सांगितलं होतं: कायम कमिशनचे अधिकारी कमी ठेवा आणि अल्पमुदतीचे त्यांच्याहून थोडे जास्त, एकास एक पूर्णांक एक दशांश. तसं झालं असतं तर वरच्या जागांसाठी एवढी चेंगराचेंगरी झाली नसती. पण अल्पमुदतीत यायचं कुणी? दहा-चौदा वर्षं घालवून निवृत्तिवेतनाशिवाय घरी जायचं, याला सैनिक स्कूलचा हुशार पोरगाही तयार होत नाही. समितीच्या कागदातला वर चढवणारा भाग घेतला आणि पाया बदलणारा भाग तसाच राहिला.

शिक्षकाला मुख्याध्यापक न करता मुख्याध्यापकाच्या जवळपासचा पगार देता येतो. फौजेत पगार हुद्द्याला बांधून ठेवला, त्यामुळे पगार द्यायचा तर हुद्दाच द्यावा लागला. नोटा छापाव्यात तसे हुद्दे छापले गेले, आणि नोटांचं होतं तेच झालं. आमच्या साताऱ्यात 'कर्नल' म्हटलं की पोगरवाडीचे संतोष महाडिक डोळ्यांपुढे येतात. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात जवानांच्या पुढे राहून गेले. त्या शब्दाला असं वजन आहे. ते वजन टाइम स्केलच्या पट्टीने विभागून घेतलं जावं, हे मला नको वाटतं, आणि भाच्यालाही नको वाटतं. तो स्वतःच म्हणाला होता, "पट्टी नको आत्या, निदान साठपर्यंत काम तरी करू द्या." हे वाक्य त्या पत्रकांत कुठेच नाही.

हाताखालच्यांना जास्त पगार असेल तर शिस्त बिघडते, असं एनएफयूला विरोध करणारे फौजीच सांगतात. दादा हसतो. त्याच्या पलटणीत सोळा वर्षं झालेला शिपाई हवालदाराचा पगार घेत असे आणि सकाळी कालच्या पोरा-नायकाच्या हुकमावर फॉल-इन होत असे. सलाम कुणी पगारपत्रक बघून ठोकत नाही.

एका बाबतीत मात्र एनएफयूवाल्यांची तक्रार खरी आहे. मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेससारख्या ठिकाणी गणवेशातले आणि नागरी अभियंते एकाच इमारतीत बसतात. नागरी अधिकाऱ्याच्या पगारपत्रकावर '१४' हा आकडा येतो, शेजारच्या कर्नलच्या '१३'. रुपयांचा फरक फुटकळ. पण बैठकीत खुर्ची कुणाची वर, फाइल कुणी कुणाकडे 'सादर' करायची, हे त्या आकड्यावरून ठरू लागलं की भांडण लागतं. २००८ मध्ये लेफ्टनंट कर्नलला सहाव्या आयोगाने तिसऱ्या वेतनपट्ट्यात टाकलं तेव्हा तिन्ही दलांच्या प्रमुखांनी हरकत घेतली, आणि सरकारला त्यांना चौथ्या पट्ट्यात आणावं लागलं. तेव्हाही पैशापेक्षा पायरीच मोठी होती. पायरीचा आकडा आणि कामाची ज्येष्ठता यांचा संबंध नाही, असा एका ओळीचा स्पष्ट आदेश काढला तर यातलं निम्मं भांडण बिनखर्चात मिटेल. बिनखर्चाच्या गोष्टी सरकारात सगळ्यांत उशिरा होतात, हा माझा अनुभव.

शेऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण बोर्ड शेऱ्यांवर चालतं. वार्षिक गोपनीय अहवाल तीन अधिकारी लिहितात: आधी लगतचा वरिष्ठ, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. अधिकाऱ्याला दिसतो तो पहिल्याने लिहिलेला भाग. वरच्या दोघांनी काय गुण दिले ते नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या देव दत्त खटल्यात सांगितलं की सरकारी नोकराला प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, चांगला असला तरी. आणि त्याच निकालात लष्कराला वगळलं. आमच्या कारकुनाला स्वतःचा 'ब+' का झाला हे विचारता येतं. पलटण घेऊन बर्फात राहिलेल्या अधिकाऱ्याला आठ आणि नऊ यांतला तो एक गुण कुणी कापला, हे कळायला आधी वरिष्ठांकडे तक्रार, मग वैधानिक तक्रार, मग न्यायाधिकरणाचं मुंबईचं खंडपीठ. तोवर तुकडी पुढे गेलेली असते. युद्धाच्या तोंडावर वरिष्ठ-कनिष्ठांत शेऱ्यावरून वाद नकोत, हे कारण मला समजतं. पण तीन वर्षांनी, दोघांच्याही बदल्या झाल्यावर, तो आकडा दाखवायला काय हरकत? महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात तर हेच उघडं पडलं. फेब्रुवारी २०२० मध्ये कायम कमिशन मिळालं, आणि मार्च २०२१ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ज्यांना कायम ठेवायचंच नव्हतं, त्यांचे जुने अहवाल कुणी मन लावून लिहिले नव्हते. त्यावरून आता त्यांना मोजू नका.

जागा कुठल्या शाखेला किती, हाही वाद न्यायालयात गेला होता. पायदळ आणि तोफखान्याला कर्नलच्या जागा जास्त मिळाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण उचलून धरलं, आणि सिग्नल, इंजिनिअर यांसारख्या शाखांसाठी १४१ जादा जागा काढायला लावल्या. भाचा त्यांतल्याच एका शाखेचा. बावीसच्या वयात शाखा मिळते ती बरीचशी गरजेप्रमाणे आणि थोडी आवडीप्रमाणे. त्यावर सदतिसाव्या वर्षीची शक्यता ठरते, आणि तिच्यावर साठाव्या वर्षाचं घर.

आता आठवा वेतन आयोग बसला आहे. जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी, ऑक्टोबरमध्ये कार्यकक्षा, अध्यक्ष न्या. रंजना प्रकाश देसाई, अहवालाला अठरा महिने. माजी सैनिकांच्या संघटना निवेदनं लिहिताहेत, आणि बहुतेकांच्या पहिल्या ओळीत एनएफयूच आहे. माझं म्हणणं एवढंच की ती ओळ खाली घ्या. पहिल्या ओळीत लिहा: निवडीने वर न गेलेल्या अधिकाऱ्याला, शेरे ठीक असतील आणि तो पलटणीबाहेरच्या कामाला तयार असेल तर, अठ्ठावन्नपर्यंत तरी ठेवा, त्याच हुद्द्यावर, त्याच पगारात. सरकारला ते महागही नाही. निम्मं निवृत्तिवेतन त्याला घरी बसवून द्यायचंच आहे. उरलेलं निम्मं घालून बत्तीस वर्षांचा अनुभव कामाला येतो, आणि हजारोंनी रिकाम्या असलेल्या अधिकारपदांपैकी काही भरतात. ज्याला जायचंय त्याला पूर्ण निवृत्तिवेतनावर जाऊ द्या. तो कागद वेगळा ठेवा.

या निवेदनाचा मसुदा मी करून दिला. दादाच्या ओळखीच्या माजी सैनिकांची बैठक एका रविवारी सकाळी होती, त्यात वाचायचा म्हणून त्याला आधी वाचून दाखवला. व्हरांड्यात बसून त्याने सगळं ऐकलं. पोराची बाजू मांडली म्हणून खूश होईल असं वाटलं होतं. त्याने चष्मा पुसला आणि विचारलं, "आणि आमच्या एमएसपीचं?"

अधिकाऱ्याला १५,५००, सुभेदाराला आणि शिपायाला ५,२००. सुभेदारांना निदान दहा हजार करा ही मागणी अर्थ मंत्रालयाने २०१८ मध्ये नाकारली. मी म्हटलं, दादा, हे निवेदन अधिकाऱ्यांच्या बढतीबद्दल आहे, मिश्र प्रस्ताव होईल.

"बाई," दादा म्हणाला, "गोळीला काय माहीत पंधरा हजारवाला कोण अन् पाच हजारवाला कोण."

वहिनी चहा घेऊन आली. मी पान उलटं करून पाठीमागे दुसरं निवेदन लिहायला घेतलं. वेगळ्या कागदावर.